६९९ रुपयांचा ‘२ टीबी’ पेनड्राइव्ह आणि गेलेले दहावीचे तास

‘२ टीबी पेनड्राइव्ह, फक्त ६९९’ अशी जाहिरात दिसली तर घेऊ नका. मी घेतला. ६९९ अधिक घरपोचचे ४०, एकूण ७३९ रुपये. त्यात माझ्या क्लासचं दहावीच्या बीजगणित-भूमितीचं दोन वर्षांचं रेकॉर्डिंग गेलं.

‘स्वस्ताच्या मागे लागल्यावर असंच होणार’ हे घरातून, शेजारून पुष्कळ ऐकून झालंय. पण २ टीबीचा पेनड्राइव्ह ही काही अशक्य गोष्ट नाही, किंग्स्टनने २०१७ मध्येच काढला होता. मी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून घेतला नव्हता. नावाजलेल्या साइटवरून घेतला, रिव्ह्यू वाचून घेतला, पावतीसह घेतला.

युक्ती तुम्हाला माहीत असेल. आत चिप ३२ जीबीची, आणि कंट्रोलरमध्ये, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या भागात, फेरफार केल्याने तो कॉम्प्युटरला २ टीबी, म्हणजे दोन हजार जीबी, सांगतो. चिप भरली की पुढचा डेटा कुठेच लिहिला जात नाही, किंवा आधीच्याच डेटावर लिहिला जातो. फाइलचं नाव दिसतं, साइज बरोबर दिसते, आत काही नसतं. म्हणूनच ते चांगले रिव्ह्यू खोटे असतील असंही नाही. पहिल्या दिवशी चार गाणी टाकून पाहिली, चालली, पाच तारे दिले. मीही पहिले काही व्हिडिओ उघडून पाहिले होते. व्यवस्थित चालले. लॅपटॉप भरत आला होता, म्हणून पुढचे कट-पेस्ट करत गेले.

कळायला हवं होतं ते पहिल्याच दिवशी, पेनड्राइव्ह लावल्या लावल्या. स्क्रीनवर १.९५ टीबी दिसत होतं. खरा २ टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण १.८१ दिसतो, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. मी गणित शिकवते! १६ जीबीचा पेनड्राइव्ह १४.९ दिसतो हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. तो आकडा डोळ्यांसमोर होता आणि मला उलट बरं वाटलं, की चला, जागा जास्तच मिळाली. दुसरी खूण म्हणजे वेग. काही फोल्डर झाल्यावर कॉपी रांगायला लागली, मी केबल आणि पोर्टला दोष देत बसले. त्याच दिवशी काम थांबवलं असतं तर निम्मे तास लॅपटॉपवर राहिले असते.

डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे गेले. तपासणी फी १,००० अधिक जीएसटी १८०. अंदाज १४,५०० चा, खात्री नाही. शेवटी त्यानेच सांगितलं, मॅडम, जे लिहिलंच गेलं नाही ते काढणार कुठून? हे १,१८० भरण्याआधी सांगता आलं नसतं का?

आता तक्रारीचं ऐका. रिटर्नची मुदत सात दिवस, आणि पेनड्राइव्ह भरून बोंब कळायला त्याहून जास्त लागतात. सगळा धंदा याच फरकावर उभा आहे. साइटच्या ग्राहक सेवेने ड्राइव्हच्या क्षमतेचा फोटो मागितला. फोटोत १.९५ टीबीच दिसणार! त्यावर उत्तर आलं, ‘उत्पादन योग्य स्थितीत आहे.’ २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचं. पोच आली ती मशीनची. निवारण नाहीच. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा. मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ काढून दाखवलं. साहेब हसले. ‘सातशे रुपयांसाठी एफआयआर?’ सातशे रुपयांसाठी नाही हो! माझ्यासारखे किती जण असतील, आणि प्रत्येकाला ‘फक्त सातशे’ म्हणून परत पाठवलं तर विकणाऱ्याला भीती कोणाची? माझ्या दोन वर्षांच्या मेहनतीला त्यांच्या रजिस्टरमध्ये रकानाच नाही.

विक्रेत्याचा मेसेज मात्र तत्परतेने आला: तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू काढा, दुसरा पेनड्राइव्ह फुकट पाठवतो. फुकटचा तर मुळीच लावू नका. डिसेंबर २०१७ मध्ये तैवानच्या पोलिसांनी सायबर सुरक्षेच्याच कार्यक्रमात बक्षीस म्हणून २५० पेनड्राइव्ह वाटले, त्यातले ५४ व्हायरसवाले निघाले. पोलिसांनी दिलेल्यांची ही गत, तर अनोळखी विक्रेत्याच्या भेटीचं काय सांगावं.

नवीन ड्राइव्ह आला की रिटर्नच्या मुदतीतच तपासा. त्यासाठी प्रोग्रॅम आहेत: विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू (H2testw), लिनक्स-मॅकवर एफ३ (F3), दोन्ही मोफत. पूर्ण तपासणीला वेळ लागतो, सेकंदाला १० एमबीच्या वेगाने २ टीबी लिहायलाच पन्नासहून जास्त तास. व्हॅलिड्राइव्ह (ValiDrive) हा विंडोजवरचा प्रोग्रॅम मधलेमधले भाग पाहून लवकर निकाल देतो. माझ्या ड्राइव्हची खरी जागा ३० जीबीच्याही आत निघाली. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ घ्या, पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. माझी जाहिरात आता साइटवर नाही, तोच फोटो दुसऱ्या नावाने ६४९ ला आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार टाकली आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या.

आणि असा ड्राइव्ह आधीच वापरात असेल तर त्यात आता नवीन काही टाकू नका. ज्या फाइल उघडतात त्या आज बाहेर काढा. चाचणी त्यानंतर, कारण ती चाचणीच ड्राइव्ह भरून टाकते.