तांब्याचा म्हणून विकलेला हीटर कोअर

कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगसाठी गाडीचा हीटर कोअर शोधणारे आपल्याकडे मोजकेच, पण ठाणे-नवी मुंबईत ते सगळे फिरून फिरून त्याच दोन-चार गल्ल्यांत पोचतात. तिथल्या एका दुकानदाराने मला अ‍ॅल्युमिनियमचा कोअर ‘प्युअर कॉपर’ म्हणून विकला. कसा विकला ते नीट सांगतो, कारण त्याची पद्धत हुशारीची होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं, ब्लोअर त्यावर हवा मारतो आणि केबिन गरम होते. २००० सालाच्या आसपास कॉम्प्युटरसाठी तयार रेडिएटर सहज मिळत नव्हते, तेव्हा परदेशातले हौशी लोक हेच कोअर वापरायचे. जुने कोअर तांब्या-पितळेचे असत आणि त्यांवर १२० मिमीचा पंखा बसवता यायचा. आजही तयार रेडिएटरची किंमत बघितली की हा मार्ग आठवतो.

आता आपल्याकडची एक गंमत लक्षात घ्या. मुंबईच्या हवेत गाडीचा हीटर लावतो कोण? कोअर गळायला लागला की मेकॅनिक दोन्ही होज एकमेकांना जोडून टाकतो आणि गाडी पुढे वर्षानुवर्षं हीटरशिवाय चालते. काढलेला कोअर जातो भंगारात. म्हणजे इथल्या बाजारात जुना कोअर येतो तो बऱ्याचदा गळका म्हणूनच.

दुकान तुर्भ्याच्या बाजूला. मी सांगितलं, तांब्याचाच हवा, कारण माझा वॉटरब्लॉक, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा आणि आतून पाणी फिरणारा ठोकळा, तांब्याचा आहे. दुकानाच्या आतून एक काळाभोर, चकचकीत रंगवलेला कोअर आला. तयार रेडिएटरही काळेच असतात, त्यामुळे रंगात वावगं काही नव्हतं.

‘दादा, नवा कोरा पीस. चुंबक लावून बघा.’ चुंबक चिकटला नाही. चिकटणार कसा? तांब्याला चिकटत नाही, पितळेला नाही आणि अ‍ॅल्युमिनियमलाही नाही. या चाचणीने फक्त लोखंड ओळखता येतं, आणि लोखंडाचा कोअर कुणी विकतच नाही. मी तसं म्हटल्यावर त्याने कानस माझ्या हातात दिली. ‘मग घासून बघा ना पाइप.’ घासला. खाली लखलखीत लाल तांबं.

खरी मेख त्या पाइपातच होती. गाडीच्या हीटरची नळी साधारण ५/८ इंचाची, माझी ट्यूब अर्ध्या इंचाची. ‘तुमच्या मापाचे पाइप डाख लावून देतो, त्याचे वेगळे पैसे नकोत,’ असं तो आधीच बोलला होता. प्रत्यक्षात अ‍ॅल्युमिनियमच्या तोंडांवर तांब्याचे तुकडे एपॉक्सीने चिकटवले होते आणि सांधा दिसू नये म्हणून वरून सगळ्याला रंग. घासायला फक्त पाइपच मोकळा सापडेल अशी व्यवस्था. १,८०० रुपये घेतले, कच्च्या बिलावर लिहिलं ‘हीटर सामान’.

‘टिकेल ना?’ विचारलं तर म्हणाला, ‘गाडीत नव्वद डिग्री आणि प्रेशर सोसतो, तुमच्या कॉम्प्युटरचं काय घेऊन बसलात!’ वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच फसवं. कॉम्प्युटरच्या लूपमधलं, म्हणजे ब्लॉक ते कोअर गोल फिरणारं पाणी फार तर चाळीस-पंचेचाळीस डिग्रीला जातं, दाबही किरकोळ. कोअरला धोका तापमानाचा नाहीच, तो धातूंच्या जोडीचा आहे. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ती एक बॅटरीच होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. डिस्टिल्ड वॉटर भरलं तरी धातूंच्या संपर्कात ते तितकं शुद्ध राहत नाही. गाडीतही वेगवेगळे धातू असतात, पण तिथे कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात आणि तो ठरावीक काळाने बदलला जातो.

माझ्याकडे आधी पाणी दुधाळ झालं. मग प्रोसेसरचं तापमान चढायला लागलं. ब्लॉक उघडला तर बारीक पात्यांमध्ये पांढरा बुळबुळीत थर. मग एका सांध्यातून थेंब यायला लागले. कोअर कॅबिनेटच्या तळाशी होता म्हणून ग्राफिक्स कार्ड वाचलं.

कोअर घेऊन वागळे इस्टेटमधल्या एका रेडिएटरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी हातात घेतला आणि रंग न खरवडताच म्हणाले, ‘हा तांब्याचा? एवढा हलका?’ मग जाळीचा कोपरा घासला, पांढरा निघाला. डाख लावून पाहिला, थेंब गोळी होऊन घरंगळला. माझ्या परवानगीने त्यांनी टाकी कापली, तर नळ्यांत पिवळट खपली. काका हसले. ‘आधीच्या मालकाने हळद टाकलीय.’ गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुगाड जुनाच. म्हणजे ‘नवा कोरा पीस’ कुठल्या तरी गाडीतून गळका म्हणून निघालेला.

दुकानदाराचं उत्तर तयार होतं: ‘तुम्ही कॉपर पाइप मागितला, दिला की.’ बिलावर धातूचा उल्लेख नसल्याचा त्याला केवढा आधार! म्हणून बिलावर ‘कॉपर-ब्रास कोअर’ असं लिहून घ्या. लिहायला का-कू करतो तिथून निघा.

रंगाला न फसणारी एक चाचणी काकांशी बोलताना सुचली. सामान तोलायचा डिजिटल लटकता काटा आणि एक बादली पाणी पुरतं. कोअर आधी हवेत तोला. मग दोन्ही तोंडं उघडी ठेवून, आतली हवा पूर्ण काढून, पाण्यात बुडवून लटकत्या अवस्थेत तोला. तांबं-पितळ असेल तर वजन साधारण ११-१२ टक्के कमी भरतं, अ‍ॅल्युमिनियम असेल तर ३७ टक्के. एक किलोचा कोअर पाण्यात ८८० ग्रॅमच्या आसपास दिसला तर ठीक, ६३० दिसला तर परत द्या. अधलामधला आकडा आला तर आत हवा अडकलीय किंवा माल मिश्र आहे. त्याच बादलीत एक तोंड बंद करून दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हलकी हवा भरली की गळतीचे बुडबुडेही दिसतात.

अ‍ॅल्युमिनियम म्हणजे वाईट असंही नाही. ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचाच असेल तर जोडी जमते. पण मग किंमत अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही भागलं तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. कापलेला कोअर, काट्यावरच्या आकड्यांचे फोटो आणि ते कच्चं बिल जपून ठेवलं आहे.

ज्यांनी असा काळा कोअर आधीच बसवलाय त्यांनी आजच थोडं पाणी पांढऱ्या कपात काढून बघावं. गढूळ असेल तर मशीन बंद करून लूप रिकामा करा, ब्लॉक उघडून पात्या मऊ टूथब्रशने साफ करा, आणि कोअर वेगळा काढून तोलल्याशिवाय पुन्हा पाणी भरू नका. नुसता गाडीचा कूलंट ओतून तो पांढरा थर जात नाही.