सायकलच्या मागच्या चाकाला डीटी स्विस कंपनीचे स्पोक टाकले, 6000 किमीनंतरचा अनुभव

आधी माझी परिस्थिती सांगतो, नाहीतर खाली कुणीतरी येणारच की आमच्या आजोबांच्या सायकलचे स्पोक तीस वर्षं टिकले म्हणून. टिकले असतील, त्या काळ्या दणकट सायकलींना मागे 40 तारा असायच्या. माझी हायब्रिड, मागे 36, टायर 700 बाय 35, माझं वजन 92 (कमी होतंय, हळूहळू) आणि रोज कोथरूड ते हिंजवडी जाऊन येऊन, मागच्या कॅरियरवर लॅपटॉप, डबा आणि पावसाळ्यात एक जोड कपडे.

सायकल घेऊन दीड वर्ष झालं आणि पहिला स्पोक तुटला. खड्ड्यात नाही, स्पीडब्रेकरवर नाही, चांगल्या सपाट रस्त्यावर निवांत चाललो होतो तर टण्ण करून आवाज आला आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. जवळच्या दुकानात एक बदलून घेतला, आउट काढला (म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढून सरळ केलं), विसरलो. तीन आठवड्यांनी दुसरा. परत तेच. मग दिवाळीच्या सुट्टीत कोकणात सायकल घेऊन गेलो, दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो आणि पुढच्या चढावर एक गेला, तासाभरात अजून एक. त्यातला एक गिअरच्या बाजूचा, म्हणजे कॅसेट (मागच्या गिअरच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा) काढल्याशिवाय बदलता येत नाही आणि कॅसेटचा पाना माझ्याकडेही नाही, वाटेत भेटलेल्या सायकलवाल्या काकांकडेही नाही. त्यांनी तो तुटका स्पोक शेजारच्याला गुंडाळून ठेवला, त्याच्या दोन्ही बाजूचे स्पोक थोडे ढिले करून चाक जमेल तेवढं सरळ केलं आणि मागचा ब्रेक सोडून दिला. दुसऱ्या बाजूला त्यांच्याकडचा साधा स्पोक बसवला, तो लांबीला जास्त होता म्हणून निपलमधून (रिमपाशी स्पोक ज्यात आवळतात तो छोटा नट) वर आलेलं टोक कानशीने घासलं, नाहीतर ट्यूबमध्ये घुसतं. पैसे किती विचारले तर म्हणाले चहा घेऊन जा.

त्यांनी तुटलेला तुकडा हातात घेऊन दाखवला ते मात्र डोक्यात राहिलं. तुटलाय कुठे, तर हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापाशी, जिथे वाकवलेला असतो तिथेच. "अहो, ही तार ओढून नाय तुटली, वाकून वाकून तुटली. बाइंडिंगची तार आपण हाताने तोडतो ना तशी."

पुण्यात आल्यावर जरा हिशोब केला. माझ्या चाकाचा घेर साधारण 2.17 मीटर, म्हणजे हजार किलोमीटरला चाक साडेचार लाखांच्या वर फिरतं आणि प्रत्येक फेरीत स्पोक खाली आला की भाराने त्याचा ताण कमी होतो आणि वर गेला की परत येतो. मुळात ताण भरपूर असेल तर काही बिघडत नाही, पण स्पोक ढिला असेल तर खाली आल्यावर अगदी सैल पडतो, निपल आपोआप फिरत जातं आणि ती वाकवलेली जागा हबमध्ये हलत राहते. माझ्या सायकलचे कंपनीचे स्पोक बोटाने दाबले तर सहज आत जात होते. मला वाटायचं तसेच असतात!

मी ज्यांच्याकडे चाक बांधायला दिलं त्या मिस्त्रींनी पहिल्यांदाच सांगितलं की आता एकेक बदलत बसू नका, सगळे सारखेच दमलेत, 36 च्या 36 काढू. हब तोच, रिम तीच, स्पोक डीटी स्विस चॅम्पियन, सरसकट 2 मिलीमीटर जाडीचे, निपल पितळी. लांबी मिलीमीटरमध्ये मोजून मागवावी लागते, माझ्या उजव्या बाजूचे डावीकडच्यांपेक्षा 2 मिलीमीटर आखूड आले. ओळखायचं तर स्पोकच्या डोक्यावर डीटी कोरलेलं असतं. लोहचुंबक लावून स्टेनलेस ओळखायच्या भानगडीत पडू नका, ही तार गार ओढलेली असते त्यामुळे स्टेनलेस असून पण थोडी चिकटते, मी उगाच दुकानदाराशी वाद घालून आलो.

बांधून झाल्यावर मिस्त्रींनी दोन दोन स्पोक मुठीत धरून करकचून आवळले, पूर्ण चाकभर, मग परत आउट बघितला, परत आवळले. मग बोटाने छेडून आवाज ऐकला, ताशा तापवून वाजवून बघतात तसा. एका बाजूचे सगळे एका सुरात लागले पाहिजेत, उजवीकडचा सूर चढा. पहिल्या दिवशी चालवताना पिंग पिंग आवाज आले तेव्हा छातीत धस्स झालं, पण ते स्पोकला पडलेला पीळ सुटतो त्याचे होते, दोन किलोमीटरमध्ये बंद.

आता 6000 च्या वर झाले, दोन पावसाळे, परत एकदा कोकण. एकही तुटला नाही, आउट फक्त एकदा किंचित काढला. आधीच्या जस्ताच्या मुलाम्याच्या स्पोकना खाऱ्या हवेत निपलपाशी गंज धरला होता, हे नुसते मळकट झालेत, फडक्याने पुसले की झालं.

तक्रार म्हणाल तर खर्च. स्पोक, निपल, मजुरी मिळून साधं रेडिमेड मागचं चाक आलं असतं आणि वर पैसे उरले असते. आणि खरं सांगू, यातलं निम्मं श्रेय मी स्पोकला देणारच नाही, मिस्त्रींना देईन. हेच स्पोक कुणी ढिले बांधून दिले असते तर हेही तुटले असते. परत बांधायची वेळ आली तर डीटी स्विसचेच कॉम्पिटिशन घेईन, ते दोन्ही टोकांना 2 आणि मधे 1.8 मिलीमीटर असतात, मधला बारीक भाग ताणला जातो म्हणून वाकवलेल्या जागेवर मार कमी बसतो. नवखे लोक जाड तेच मजबूत समजतात, मीपण 13 गेजचेच (म्हणजे 2 मिलीमीटरपेक्षा जाड) द्या म्हणून अडून बसलो होतो.

पुढचं चाक अजून कंपनीच्याच स्पोकवर आहे. तिथे भार कमी, एकही तुटलेला नाही, फक्त सगळे नीट ताणून घेतले. आणि दोन्ही लांबीचे दोन दोन जास्तीचे स्पोक फ्रेमला टेपने चिकटवलेत, कॅसेटचा पाना बॅगेत.