नवीन कोरल कशात बुडवायचं: बायर, कोरल आरएक्स, आयोडीन की सरळ क्वारंटाइन?

एका मित्राने नवीन रीफ टँक (जिवंत कोरलचं, म्हणजे प्रवाळांचं, खाऱ्या पाण्यातलं मत्स्यालय) लावलाय, पहिले चार फ्रॅग (कोरलचे कापलेले छोटे तुकडे) येणार आहेत आणि त्याचा एकच प्रश्न, किडी काढायला ते ज्यात बुडवायचे त्या औषधाची, म्हणजे डिपची, बाटली कोणती घेऊ. फोनवर अर्धा तास बोलूनही पुरं झालं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मी न्यू जर्सीत राहतो. इकडे आमच्या रीफवाल्यांत बायरवाले आणि कोरल आरएक्सवाले असे दोन तट आहेत आणि दोघंही आपलंच खरं म्हणतात. मी दोन्ही वापरलंय. पण त्याआधी माझ्या हिरव्या ॲक्रोपोराचं (हे फांद्यांचं दगडी कोरल) सांगतो, कारण माझं मत तिथेच बदललं. एका फ्रॅग स्वॅपमधून (हौशी लोकांची फ्रॅगची अदलाबदल) आणली, नीट डिप केली, दोन चपटे किडे पडले, छान वाटलं, टँकमध्ये लावली. महिन्याभरात बुंध्याकडे रंग उतरायला लागला, टॉर्च मारून पाहिलं तर मोहरीएवढे फिकट गोल ठिपके, ओळीने. बाहेर काढून उलटी केली तर खाली मेलेल्या पांढऱ्या सांगाड्यावर तपकिरी-सोनेरी बारीक दाण्यांचा पुंजका चिकटलेला. अंडी! डिप बरोबरच झाला होता, पण अंड्यांवर त्याचा काही असर होत नाही, आणि हे बाजारातल्या जवळपास सगळ्याच डिपना लागू आहे. त्यातून निघालेल्या किड्यांनी शेजारच्या दोन वसाहती पण खाल्ल्या.

आता बायर. हे मुळात बागेतल्या किड्यांचं औषध, आत इमिडाक्लोप्रिड आणि बीटा-सायफ्लुथ्रिन, नंतर त्याचं नाव बायोॲडव्हान्स्ड झालं. ॲक्रोपोरावरचे लाल बग, चपटे किडे, माँटिपोरा या कोरलवरचे न्यूडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी), यांच्यावर जबरदस्त चालतं आणि बहुतेक कोरल्स ते सहन करतात, स्वस्तही आहे, म्हणून लोक त्याच्या प्रेमात पडतात. पण पाणी दुधासारखं पांढरं होतं, आतून काय पडतंय ते दिसत नाही. आणि कोळंबी, खेकडे यांना ते विष आहे, म्हणजे धुणं जरा कमी पडलं आणि थोडं पाणी टँकमध्ये गेलं तर क्लीनर श्रिंप गेलाच. शिवाय त्याच्या लेबलवर मत्स्यालय नाही, आणि अमेरिकेत कीटकनाशक लेबलबाहेर वापरणं कायद्यात बसत नाही, हे फार कमी लोक सांगतात. माझ्या घरी लहान मुलगी आहे, डिपची सगळी कामं स्वयंपाकघराच्या सिंकशेजारी होतात, त्यामुळे मी ते बंद केलं. नवीन माणसाला मी हे घे म्हणून सांगणार नाही.

कोरल आरएक्स किंवा रिव्हाइव्ह हे वनस्पतींच्या अर्कावर बनलेले, आणि ते कोरलसाठीच विकले जातात. यांची खोड अशी की किडा बऱ्याचदा मरत नाही, गुंगतो आणि पकड सोडतो, म्हणून नुसतं बुडवून ठेवून उपयोग नाही, टर्की बेस्टरने (रबरी फुग्याची मोठी पिचकारी) प्रत्येक फांदीच्या बगलेत, प्लगच्या (फ्रॅग चिकटवलेली छोटी बैठक) खाली जोरात पाणी मारायचं. मी श्रीखंडाचा पांढरा डबा वापरतो, तळाशी पडलेलं सगळं स्पष्ट दिसतं. माप बाटलीवर असेल तेच, जास्त कडक केलं तर ॲक्रोपोराची कातडीच सुटते, आणि लांबचा प्रवास करून आलेलं कोरल आधीच दमलेलं असतं. लाल बगवर मात्र याचा मला तितका भरवसा नाही. टँकभर लाल बग झाले तर इंटरसेप्टर म्हणजे मिल्बेमायसिन, कुत्र्यांचं हार्टवर्मचं औषध, त्याला व्हेटची चिठ्ठी लागते आणि टँकमधले श्रिंप, खेकडे आधी बाहेर काढावे लागतात.

आयोडीन लोक उगाच किडींसाठी घेतात. ल्यूगोल्स (आयोडीनचं द्रावण) जखमेसाठी चांगलं, कापलेल्या फ्रॅगला, किंवा यूफिलिया या कोरलला ब्राउन जेली (मांस कुजवणारा रोग) झाली तर. किडीसाठी माझ्या लेखी कमजोर.

आणि एप्टेशिया (उपद्रवी ॲनिमोन), व्हर्मेटिड गोगलगायी, बबल अल्गी (फुग्यांसारखं शेवाळ) यांच्यासाठी यातली कुठलीच बाटली नको. तो प्लगच फेकून द्या, कोरल कापून नवीन प्लगवर सुपरग्लू जेलने लावा, अंडी पण बरीचशी जुन्या प्लगबरोबर जातात. झोआ किंवा पॅलिथोआ ही मऊ कोरल्स कापताना हातमोजे आणि चष्मा घालाच, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, त्यांचा दगड उकळायचा तर विचारही करू नका, वाफेने लोक दवाखान्यात गेलेत.

मग राहिलं क्वारंटाइन, म्हणजे नवीन कोरल काही आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवणं. १० गॅलनचा टँक, स्पंज फिल्टर, हीटर, कोरलला पुरेल एवढा लाईट, पाणी मुख्य टँकसारखंच, २५-२६ डिग्री आणि ३५ पीपीटी खारटपणा. कंटाळवाणं आहे, जागा लागते, बायको विचारते हा अजून एक टँक कशाला. पण डिप एका दिवसाचं काम करतो आणि अंडी नंतर फुटतात, त्यामुळे दर ५-७ दिवसांनी पुन्हा डिप, असं सहा आठवडे तरी, आणि दर वेळी बुंधा टॉर्चने बघायचा, हे वेगळा टँक असेल तरच जमतं. माशांच्या इचचं (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग) पण तेच, त्याच्या गाठी प्लगला चिकटून येतात, डिपने मरत नाहीत, मासा नसलेल्या टँकमध्ये ७६ दिवस ठेवायचं हा आकडा इकडे रुळलाय.

मुंबई-पुण्याच्या मित्रांना एक वेगळं सांगायचंय. भारतात दगडी कोरल्स वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, मालवणला डायव्हिंगला जाऊन एखादा तुकडा आणायचा म्हणजे गुन्हा, आणि ती रीफ आधीच सोसतेय, कृपा करून हात लावू नका.

मित्राला मी शेवटी काय सांगितलं? चारपैकी तीन फ्रॅग झोआ आणि मशरूम कोरल आहेत, एकच ॲक्रोपोरा. दुसरी बाटली घेऊ नको, त्या पैशात १० गॅलनचा टँक घे, आणि कोरल आरएक्सची एक छोटी बाटली. येतील त्या दिवशी तीन डबे मांड, पहिल्यात डिप, पुढच्या दोघांत टँकचं साधं पाणी धुवायला, आणि त्या तिघांतलं पाणी टँकमध्ये परत टाकू नको. ॲक्रोपोराचा प्लग त्याच दिवशी तोड. त्याने ऐकलं, शनिवारी फ्रॅग येतायत, टॉर्च घेऊन मी पण जाणार आहे.