लॅम्डा सेन्सर आणि प्लगखालची रिंग : साताऱ्याच्या घाटांत आठ महिने

मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरचं मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं मिश्रण) जुळवायला बसवलेला संच असा : बॉश एलएसयू ४.९ वाइडबँड लॅम्डा सेन्सर (धुराच्या नळीत बसतो), त्याचा कंट्रोलर आणि स्पार्क प्लगखाली बसून तिथलं तापमान मोजणारी के-टाइप थर्मोकपल रिंग. गाडी ३५० सीसी, एअर-कूल्ड, सीव्ही (इंजिनच्या ओढीने स्लाइड उचलणाऱ्या) कार्ब्युरेटरची. पैसे वसूल होतात, पण सेन्सर मिक्श्चर मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. हे डोक्यात पक्कं नसेल तर चुकीचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारा कार्ब्युरेटरचा भाग) बसणारच.

लॅम्डा १ म्हणजे पेट्रोल-हवा नेमक्या प्रमाणात, त्याहून जास्त म्हणजे लीन (हवा जास्त), कमी म्हणजे रिच (पेट्रोल जास्त). सुरुवातीला आयडलला लॅम्डा १.२ दिसायचा आणि प्लग मात्र काळाकुट्ट, म्हणजे रिच. कारण सेकंडरी एअर व्हॉल्व्ह, तो एक्झॉस्ट पोर्टात ताजी हवा सोडतो. ट्यूनिंगपुरती त्याची नळी बंद ठेवायची आणि काम झालं की परत जोडायची. बेंड पाइपची गास्केट फुंकत असेल तरी तेच होतं : धुराच्या दोन ठोक्यांमध्ये तिथून हवा आत ओढली जाते. मिसफायरमध्येही न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि रिच गाडी लीन दिसते. म्हणून जेटला हात लावण्याआधी गास्केट, व्हॉल्व्ह, प्लग आणि इनटेकचं रबर तपासा.

सेन्सर बसवायला एम१८ × १.५ आट्याचा बंग (नळीवर वेल्ड करायची आट्याची रिंग) एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला करून देतो. सेन्सरचं टोक खाली आणि अंग आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर हवं, नाहीतर पाणी साचून सिरॅमिक तडकतं. इंजिन सुरू झाल्यावरच हीटर चालू करा, पण इंजिन चालू असताना हीटर बंद ठेवू नका, सेन्सरवर काजळी चढते. वायर लांब करायची म्हणून मूळ कनेक्टर कापू नका, कॅलिब्रेशनचा रेझिस्टर त्यातच असतो. आणि सिलिकॉन सीलंट आसपासही नको, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो.

गेज एएफआरवर (हवा-पेट्रोलचं वजनी प्रमाण) न ठेवता लॅम्डावर ठेवा. शुद्ध पेट्रोलला १४.७ म्हणजे लॅम्डा १, पण ई२० ला (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) तोच लॅम्डा सुमारे १३.५ ला येतो. जुन्या जेटवर ई२० भरलं की गाडी लीन होते, ती यामुळेच.

ट्यूनिंगसाठी ग्रिपवर आणि स्विचच्या घरावर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या. तिसरा गिअर, तोच रस्ता, प्रत्येक खुणेवर काही सेकंद स्थिर रेस. लॅम्डा असा हवा, कंसात तो ज्याने जुळवायचा तो भाग : आयडलला ०.९५ च्या आसपास (पायलट स्क्रू), सावकाश चालताना ०.९५ ते १.० (सुई), पूर्ण रेसला ०.८७ ते ०.९० (मेन जेट). मिकुनीच्या मेन जेटची पायरी २.५ ची असते, एका वेळी एकच पायरी बदला. उतारावर रेस सोडली की आकडा लीनच्या टोकाला जातो. तिकडे लक्ष द्यायचं नाही.

महाबळेश्वर साताऱ्याहून सुमारे ६०० मीटर उंच. तिथं हवा सुमारे ६ टक्के विरळ, म्हणून कार्ब्युरेटरची गाडी साधारण ३ टक्के रिच होते : खाली ०.८८ असेल तर वर ०.८५. चालेल. वर जाऊन जेट लहान करून घेतला आणि तशीच गाडी खाली आणून हायवेला दामटली, तर मात्र इंजिन तापतं.

प्लगखालची रिंग सुस्त आहे, पण ऑक्सिजन सेन्सर गंडला की तीच सांगते. मेन जेट बरोबर बसल्यावर यवतेश्वर घाटाच्या चढात आकडा १७० ते २०० अंश सेल्सिअसमध्ये राहतो. तो २३० कडे सरकू लागला तर लॅम्डा काहीही म्हणो, रेस सोडा. थर्मोकपलच्या अमेरिकन रंगांच्या वायरीत लाल ही ऋण असते, उलटी जोडली तर इंजिन तापताना आकडा उतरतो. वायर कमी पडली तर साध्या तांब्याची जोडू नका. जोड इंजिनच्या उबेत येतो आणि जेवढा तो गरम, तेवढं गेज कमी दाखवतं. के-टाइपचीच वायर घ्या.

रिंगचं दुखणं एकच : प्लग आवळताना ती फिरते आणि कानाजवळ (रिंगमधून वायर निघते तिथे) वायर तुटते. आवळताना कान बोटाने धरून ठेवा आणि वायरीला थोडा ढिला वळसा ठेवून ती फिनपासून दूर बांधा.