राजापूरची कातळशिल्प फेरी: माहितगार उत्तम, वेळापत्रक चुकलेलं

गाडी आणि सोबत माहितगार अशी ही दिवसभराची फेरी देवाचे गोठणे, बारसू, देवी हसोळ आणि कशेळी या क्रमाने होते. चारही सडे, म्हणजे प्राचीन माणसाने आकृत्या कोरलेली जांभा दगडाची उघडी पठारं, 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. माहितगाराला पैकीच्या पैकी गुण. वेळा ठरवणारा मात्र नापास.

जांभ्यातली खोदरेघ जेमतेम इंच-दोन इंच खोल असते आणि दिसते ती काठाच्या सावलीमुळे. बारसूला भर दुपारी पोचलं की सावली नाही, मग तिथे कोरलेला दोन वाघांमधला माणूस कातळातच विरून जातो. बारसू सकाळी नऊच्या आत आणि कशेळी चारनंतर ठेवायला सांगा. उन्हाकडे तोंड करून उभं राहिलं की रेघा उठून दिसतात. कशेळीचा हत्ती सुमारे 18 बाय 13 मीटरचा. सोंडेपाशी उभं राहून पायाखाली नुसते चर कळतात. आधी बाहेरची रेघ पूर्ण फिरून घ्या, मग पोटातले प्राणी शोधा.

माहितगाराची खुबी अशी, की तो पुराव्यापुढे पळत नाही. बारसूच्या आकृतीचं सिंधू संस्कृतीच्या मुद्रेशी साम्य तो दाखवतो आणि साम्यापाशीच थांबतो. आज कोकणात नसलेला गेंडा इथल्या कातळांवर आहे, शेतीची चित्रं मात्र नाहीत. म्हणून कोरणारे शिकारी-संग्राहक असावेत, हे तो नीट उलगडतो. उघड्या कातळावरच्या रेघेचं वय थेट मोजता येत नाही. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारं मिळाली, पण ती याच हातांची असं म्हणायला दुवा लागतो, हेही तो सांगतो. देवी हसोळच्या देवळाजवळच्या चौकोनी नक्षीवर तो फार बोलत नाही. तेच बरं, तिथे भाविकांपेक्षा तर्कटं जास्त.

देवाचे गोठणेला होकायंत्राची सुई भरकटते. फोनने बघायचं तर चुंबकाचं कव्हर आधी काढा, नाहीतर कव्हरचं श्रेय कातळाला जाईल.

रेघा ठळक व्हाव्यात म्हणून खडू फासणं किंवा पाणी ओतणं इथे चालवून घेत नाहीत, आणि ते योग्यच: जांभ्याचे काठ ठिसूळ, बुटाच्या टाचेनेही झडतात. पावसाळ्यानंतर गवत वाळेपर्यंत अर्ध्या आकृत्या झाकलेल्या असतात, तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी गाठा. सड्यावर सावलीला झाड नाही. टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या, गाडीत ठेवलेलं पुरत नाही.