म्हैस, चिठ्ठी आणि स्वल्पविराम: विनोदी कथेवरच्या वाचन-व्याकरण कृतिसंचाचा सात महिन्यांचा अनुभव

जून ते जानेवारी असे सात महिने हा संच सहावी ते आठवीच्या वर्गांत वापरला. वर्ग मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या शाळांचे, तास 40 मिनिटांचा, पट तीसच्या आसपास. आधी निकाल सांगतो: संच घेण्यासारखा आहे, पण आहे तसा छापून वाटण्यासारखा नाही. चौदा कृतींपैकी सहा फार चांगल्या आहेत, तीन दुरुस्त करून चालतात आणि पाच सरळ गाळाव्यात. चांगल्या सहा कृतींत एक गोष्ट सारखी आहे. त्यांतलं व्याकरण कथेत जिथं हसू येतं त्याच वाक्यातून काढलेलं आहे. बाकीच्या कृतींत कथा नुसती वर चिकटवलेली आहे. खाली 'पुढील वाक्यांतील नामे ओळखा' हेच.

संच एका विनोदी कथेवर उभा आहे. मालक परगावी आहे आणि तिथून गड्याला चिठ्ठी पाठवतो: 'म्हैस विकायची नाही ठेवायची'. चिठ्ठीत विरामचिन्ह नाही. गडी एक अर्थ लावून म्हैस बाजाराच्या वाटेला लावतो, मालकीण दुसरा अर्थ लावून तिला परत ओढते. दोघं भर रस्त्यात भांडत असताना म्हैस चिठ्ठीच खाऊन टाकते. कथा साधारण पाचशे शब्दांची आहे. सहावीसाठी ती किंचित लांब पडते, बाजारातल्या घासाघिशीचा मधला भाग काढून चारशेपर्यंत आणली तर बरी. आठवीला पूर्ण द्यावी.

छपाईपासूनच सांगायला हवं. मूळ फाईलमधली अक्षरं फार बारीक आहेत. 16 पॉइंटवर घ्या, ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवा, डाव्या बाजूला तीन बोटं समास सोडा आणि दर पाचव्या ओळीला क्रमांक घाला. 'बाराव्या ओळीत बघा' म्हणता आलं की शोधण्यात जाणारा वेळ वाचतो. कथा एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंना बसली पाहिजे आणि म्हशीनं चिठ्ठी खाण्याचा प्रसंग मागच्या बाजूला गेला पाहिजे. समोरच्याच पानावर शेवट दिसला तर मुलं आधी तोच वाचतात आणि पुढं काय होईल हा प्रश्न विचारण्यात अर्थ राहत नाही.

वाचनाची पद्धत संचात उलटी दिली आहे. तिथं आधी शिक्षकांचं प्रकट वाचन, मग मुलांचं. असं केलं की वर्ग हसतो, पण कुणाला कळून हसू आलं आणि कोण शेजारच्याकडे बघून हसलं ते समजत नाही. म्हणून पहिलं वाचन मूक ठेवा, आठ ते दहा मिनिटं. जिथं हसू येईल तिथं समासात पेन्सिलीनं टिंब द्यायचं, एवढीच सूचना. विनोद कुठं आहे ते आधी सांगायचं नाही, 'ही गोष्ट फार मजेशीर आहे' असंही म्हणायचं नाही. नंतर बाकावरच्या दोघांनी टिंबं ताडून बघायची. म्हशीनं चिठ्ठी खाल्ली तिथं जवळपास सगळ्यांचं टिंब असतं. चिठ्ठीच्या वाक्यापाशी मात्र पुष्कळांचं नसतं, कारण त्यांनी ते वाक्य एकाच अर्थानं वाचलेलं असतं. कुणाला काय कळलं नाही हे या टिंबांवरून पाच मिनिटांत दिसतं. त्यासाठी दहा प्रश्नांची उत्तरं तपासावी लागत नाहीत. संपूर्ण संचात हे टिंबांचं काम आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं, आणि संचाच्या सूचनांत त्याला जेमतेम दीड ओळ मिळाली आहे.

दुसरं वाचन प्रकट आणि पात्रांनुसार: निवेदक, गडी, मालकीण, बाजारातला दलाल. इथं विरामचिन्हांची कृती सुरू होते आणि ती उत्तम आहे. चिठ्ठीचं वाक्य फळ्यावर चिन्हांशिवाय लिहायचं. गड्याचं काम करणाऱ्यानं 'विकायची' नंतर श्वास घ्यायचा, मालकिणीनं 'विकायची नाही' नंतर. श्वास जिथं थांबला तिथं स्वल्पविराम. एवढ्यावर थांबू नका. प्रश्नचिन्ह आणि पूर्णविराम हाताशी दिले की मुलं 'म्हैस विकायची? नाही. ठेवायची.' इथपर्यंत आपणहून येतात. 'विकायची नाही? ठेवायची?' असा चकित झालेल्या मालकाचा सूरही कुणीतरी काढतंच. या कृतीला पूर्ण तास द्यावा. घाई केली की मुलं 'जिथं थांबतो तिथं स्वल्पविराम' एवढाच नियम घेऊन जातात आणि पुढं निबंधात कर्ता झाला की लगेच स्वल्पविराम द्यायला लागतात. चिन्ह बदललं की अर्थ बदलला पाहिजे, नाही बदलला तर चिन्ह नको, हे त्याच तासात पक्कं करून घ्या.

संचात एक मोठी चूक इथंच आहे. कृतिपत्रिकेच्या पहिल्या पानावर चिठ्ठीचं वाक्य छापताना कुणीतरी स्वल्पविराम देऊन ठेवला आहे. तो खोडल्याशिवाय प्रती काढू नका. त्या एका चिन्हानं अख्खी कथा विझते.

प्रयोगाची कृती ही संचाची दुसरी जमेची बाजू. 'म्हशीनं चिठ्ठी खाल्ली' हे हसू आणणारं वाक्य आणि तेच कर्मणी प्रयोगाचं उदाहरण. मुलांना व्याख्या न सांगता म्हशीपुढं वेगवेगळा चारा टाकायला सांगा: म्हशीनं कडबा खाल्ला, गवत खाल्लं, भाकऱ्या खाल्ल्या. म्हैस तीच, क्रियापद मात्र खाद्यामागं फिरतं. मग म्हशीच्या जागी बैल आणा, तरी 'बैलानं चिठ्ठी खाल्ली'च राहतं. कर्ता बदलून क्रियापद हलत नाही आणि कर्म बदलून हलतं, ही खूण मुलांच्या तोंडून आली की मग 'कर्मणी' हा शब्द फळ्यावर लिहा. त्याला जोडून 'मालकिणीनं म्हशीला ओढलं' घ्या. इथं म्हशीच्या जागी 'बैलांना' घातलं तरी 'ओढलं'च. भावे प्रयोगासाठी दुसरीकडून उदाहरण आणावं लागत नाही.

अडचण पुढं येते. आपल्याकडे, विशेषतः लातूर-नांदेडच्या पट्ट्यात, 'मी भाकरी खाल्लो', 'मी काम केलो' असं सर्रास बोलतात. म्हणजे बोलीत क्रियापद कर्त्याबरोबर चालतं आणि प्रमाणभाषेत कर्माबरोबर. मुलांचा गोंधळ आळशीपणातून येत नाही, त्यांच्या तोंडातला नियम वेगळा आहे. त्यातच एखादं हुशार मूल विचारतं, 'मी पाणी प्यायलो चालतं, मग भाकरी खाल्लो का नाही?' प्रश्न अगदी रास्त आहे. पिणे, शिकणे, विसरणे ही क्रियापदं सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालतात: मी पाणी प्यायलो, मी धडा शिकलो, मी नाव विसरलो. अशा क्रियापदांची छोटी यादी भिंतीवर लावा. संचात तिचा उल्लेखही नाही. शिवाय उत्तरसूचीत 'म्हशीने चिठ्ठी खाल्ली' हे कर्तरी म्हणून दिलं आहे, ते साफ चूक आहे. सूची मुलांच्या हाती जाण्याआधी ते दुरुस्त करा.

गड्याचं बोलणं कथेत बोलीत आहे: 'मालकीणबाई, म्या म्हैस घेऊन बाजाराला जायलालो.' संचातली सूचना 'अशुद्ध वाक्ये शुद्ध करा' अशी आहे. ती आम्ही बदलली, आणि ज्यांना हा संच वापरायचा आहे त्यांनीही बदलावी असा आमचा आग्रह आहे. 'जायलालो' हे चालू क्रियेचं रीतसर रूप आहे: जायलालो, जायलालास, जायलालाय. प्रमाणभाषेत त्या जागी 'जात आहे' येतं. वहीत दोन रकाने आखा, 'घरी बोलतो तसं' आणि 'परीक्षेत लिहितो तसं'. मुलं गावात ऐकलेली रूपं पहिल्या रकान्यात आणतात, दुसऱ्यात त्यांची जोडी लावतात आणि अपूर्ण वर्तमानकाळ शिकवून होतो. 'काहून' आणि 'का', 'लई' आणि 'खूप' अशा जोड्याही तिथंच बसतात. यानंतर गड्याचं वाक्य प्रमाणभाषेत वाचून बघायला सांगा. विनोद फिका पडतो हे मुलांच्या लक्षात येतं, आणि पात्राच्या तोंडी बोली का ठेवतात याचं उत्तर ती स्वतः देतात. 'स्वमत' लिहायला हा चांगला प्रश्न आहे.

विशेषणांची कृती गाळावी असं आधी वाटलं होतं, कारण दिलेली वाक्यं 'आकाश निळे आहे' अशा वळणाची आहेत. पण बाजाराचा प्रसंग घेतला तर तीच कृती जिवंत होते. दलाल म्हशीचं वर्णन करतो ते शब्द गोळा करा: दुभती, गाभण, भाकड, तरणी, दुसऱ्या वेताची. हे शब्द मुलांना आपल्यापेक्षा जास्त नेमके माहीत असतात. हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार ज्यांच्या घरी चर्चेत असतो ती मुलं तर थांबतच नाहीत. आता 'दुभती म्हैस, दुभतं जनावर' आणि 'भाकड म्हैस, भाकड जनावर' शेजारी लिहा. पहिलं विशेषण बदलतं, दुसरं बदलत नाही. विकारी-अविकारी विशेषणांचा फरक एवढ्यात उरकतो.

सामान्यरूपाची कृती ठीक आहे. 'म्हैस'पासून सुरुवात मात्र करू नका, कारण म्हैस-म्हशीला हे वळण नेहमीचं नाही, आणि मुलं त्यावरून 'बैल-बलाला' असं काहीतरी करून बसतात. आधी वीट-विटेला, दूध-दुधात, विहीर-विहिरीत घ्या, म्हणजे दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं हे दिसेल. म्हैस शेवटी. शब्दयोगी अव्ययाला 'गडी म्हशीमागे पळाला' आणि 'गडी मागे पळाला' ही जोडी पुरेशी आहे. पहिल्यात 'मागे' नामाला जोडून लिहायचं, दुसऱ्यात ते क्रियाविशेषण.

वाक्यांच्या पट्ट्या क्रमाने लावण्याची कृती मुलांना आवडते, पण संचात बारा पट्ट्या आहेत. चार जणांच्या गटाला बारा पट्ट्या म्हणजे दोघं लावतात आणि दोघं बघतात. आठ ठेवा. 'मग', 'तेवढ्यात', 'शेवटी' हे शब्द पट्ट्यांवरून काढून टाका, नाहीतर कथा न वाचताही क्रम लागतो. हे शब्द वेगळ्या चिठोऱ्यांवर द्या आणि क्रम लागल्यावर योग्य जागी ठेवायला सांगा. पट्ट्या जाड कार्डशीटच्या असाव्यात. साध्या कागदाच्या पट्ट्या दोन तुकड्यांना वापरल्या की चुरगळतात.

घरी दखनी किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलांना या कथेत नपुंसकलिंग अडतं. उर्दूत दोनच लिंगं, त्यामुळे 'पाणी आला', 'गवत संपला' असं येतं. त्यांच्यासाठी म्हशीच्या चाऱ्याचीच यादी 'तो, ती, ते' अशा तीन खणांत लावून घेतली की वेगळा पाठ लागत नाही: तो कडबा, ती पेंड, ते गवत.

वेळेचं गणित नीट करा. संचात सगळं तीन आठवड्यांत पसरलं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघून जातात. त्यांच्या वाट्याला अर्धी कथा यायला नको. सहा तासांचं एक आवर्तन धरा: पहिल्या तासाला मूक वाचन आणि टिंबं, दुसऱ्याला पात्रवाचन आणि विरामचिन्हं, तिसऱ्या-चौथ्याला प्रयोग, पाचव्याला बोली आणि काळ, सहाव्याला पट्ट्या आणि लेखन. एका आठवड्यात कथा संपली पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये परतलेल्या मुलांना तेच आवर्तन दुसऱ्या कथेवर देता येतं.

आठवीच्या पुढं पालक विचारतात की याचा परीक्षेला उपयोग काय. दहावीच्या प्रथम भाषा मराठीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत भाषाभ्यासाला 16 गुण आहेत, आणि उताऱ्यांवरच्या आकलनाच्या कृती वेगळ्या. चौकटी आणि आकृतिबंध यांची सवय या संचातून होते. तरी आकृतिबंध भरायच्या दोन कृती आम्ही गाळल्या, कारण उत्तरं कथेतून जशीच्या तशी उचलता येतात. त्याऐवजी 'मालक परत आल्यावर चिठ्ठीबद्दल काय सांगेल?' हे पाच ओळींत लिहायला द्या, अट एकच: किमान तीन वेगवेगळी विरामचिन्हं आणि एक कर्मणी वाक्य.

संच वापरणार असाल तर प्रती काढण्याआधी तीन गोष्टी कराच: चिठ्ठीतला स्वल्पविराम खोडा, उत्तरसूचीतला 'कर्तरी' बदला, 'अशुद्ध वाक्ये' ही सूचना काढा. आणि चिठ्ठीचं वाक्य हाताएवढ्या वेगळ्या कागदावर, चिन्हांविना, दर गटाला एक असं द्या. त्यावर पेन्सिलच वापरायला लावा, कारण मुलं तो स्वल्पविराम चार वेळा तरी खोडून दुसरीकडे देतात.