उबेर्ती, पिएत्ता की रुगर? १८७३च्या कोल्टची प्रतिकृती घेताना

कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढला की चार वेळा टक् असा आवाज येतो. पहिला टक् सुरक्षिततेच्या खाचेचा. दुसरा अर्ध्या चढलेल्या घोड्याचा. इथे सिलिंडर मोकळा फिरतो आणि उजवीकडची झडप उघडून एकेक काडतूस भरता येतं. तिसरा, सिलिंडर अडवणारा खटका खालून उसळून त्याच्यावर बसल्याचा. चौथा, घोडा पूर्ण चढल्याचा. चाप ओढला की घोडा नुसता सुटतो. तो चढवण्याचं काम दर गोळीला आपल्या अंगठ्याचं, म्हणून हे सिंगल अॅक्शन.

या रिव्हॉल्व्हरची खरी गोळी झाडणारी प्रतिकृती घ्यायची म्हणून कुणी विचारायला आलं की मी आधी हे चार आवाज ऐकवतो. बहुतेक जण चकाकी, मूठ आणि किंमत बघत असतात. माझ्या मते निवड या आवाजांवर होते. तुम्हाला १८७३च्या रिव्हॉल्व्हरची चाल हवी आहे, की तिचं रूप मिळालं तरी चालेल?

मुळात प्रतिकृतीच का? अमेरिकन सैन्याने १८७३ साली स्वीकारलेलं, .४५ कोल्ट काडतुसाचं हे रिव्हॉल्व्हर कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बंद केलं. पुढे टीव्हीवर काउबॉय मालिकांची लाट आली आणि १९५६ साली ते परत सुरू झालं. कोल्ट आजही ते बनवतं, पण त्याच्या किमतीत दोन-तीन इटालियन प्रतिकृती येतात. इटलीत ब्रेशियाजवळच्या वाल त्रोम्पिया खोऱ्यात शतकानुशतकं बंदुका घडतात. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली तेव्हा वॅल फोर्गेट या अमेरिकन व्यापाऱ्याने तिथल्या कारागिरांकडे १८५१च्या कोल्ट नेव्ही या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरच्या नकला मागितल्या. अल्दो उबेर्ती यांचं काम १९५९चं, त्याच मागणीतून उभं राहिलेलं. आज उबेर्ती बेरेटा समूहात आहे. पिएत्ता त्याच परिसरातलं, आणि ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांसाठी जास्त ओळखलं जाणारं.

दुकानात मात्र ही नावं सरळ दिसतीलच असं नाही. सिमरॉन, टेलर्स, ईएमएफ हे आयातदार. नळीवर मोठ्या अक्षरांत त्यांची नावं असतात आणि सिमरॉनच्या खोक्यात उबेर्तीही असू शकतं, पिएत्ताही. बारीक अक्षरांतला इटालियन निर्मात्याचा शिक्का शोधा. शेजारी एका छोट्या चौकोनात दोन अक्षरं दिसतील. ती बंदुकीची चाचणी घेणाऱ्या इटालियन तपासणीगृहाची, वर्ष सांगणारी खूण. जुना माल घेताना ती फार उपयोगी पडते.

उबेर्ती आणि पिएत्ता यांच्यात फरक आहे, पण लोक सांगतात तेवढा नाही. उबेर्तीकडे पर्याय जास्त. सिलिंडर ज्यावर फिरतो तो दांडा समोरून स्क्रूने धरणारी जुनी फ्रेम हवी की आडवं बटण दाबून दांडा सोडणारी नंतरची, हे निवडता येतं. जुन्या घडणीची आवड असेल तर स्क्रूवाली घ्या. मला ती डोळ्यांना जास्त खरी वाटते, पण दांडा काढायला दर वेळी पेचकस लागतो. उबेर्तीच्याच अलीकडच्या ‘कॅटलमन २’मध्ये घोड्यातली, काडतुसावर आदळणारी पिन चाप पूर्ण ओढल्याशिवाय पुढे येत नाही. घोड्यावरची टोकदार, उघडी पिन हीच ज्यांच्या लेखी या रिव्हॉल्व्हरची ओळख, त्यांना हा बदल खुपतो. काही इटालियन प्रतिकृतींत सिलिंडरच्या दांड्याला दोन खाचा असतात. दांडा आतल्या खाचेत ढकलला की घोडा पूर्ण खाली जातच नाही. हे माहीत नसल्याने चांगली रिव्हॉल्व्हरं ‘बिघडली’ म्हणून परत आलेली मी पाहिली आहेत. पिएत्ताचं अलीकडचं काम मला हाताला नीटस वाटलं. एकाच किमतीत दोन्ही समोर असतील तर नाव विसरा, ज्याचा घोडा अंगठ्याला गुळगुळीत लागेल ते घ्या.

खरा फाटा रुगर या अमेरिकन कंपनीपाशी फुटतो.

रुगरचं व्हकेरो हे रिव्हॉल्व्हर दुरून बघणाऱ्याला कोल्टच वाटेल. आतून ते वेगळं यंत्र आहे. बिल रुगर यांनी १९५३च्या सिंगल-सिक्सपासूनच पट्टीच्या स्प्रिंगा टाकून गुंडाळीच्या तारेच्या स्प्रिंगा घातल्या. १९७३पासून त्यांच्या सिंगल अॅक्शनमध्ये ट्रान्सफर बार आला: घोडा आणि पिन यांच्यामध्ये येणारी पोलादी पट्टी, चाप दाबलेला असेल तरच वर सरकणारी. रिव्हॉल्व्हर घोड्यावर आपटलं तरी गोळी सुटत नाही, म्हणून सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरं भरून ठेवता येतात. अर्धा घोडा चढवायची भानगड नाही. झडप उघडली की सिलिंडर फिरतो. १९९३चं पहिलं व्हकेरो थोराड होतं, २००५च्या न्यू व्हकेरोची फ्रेम कोल्टच्या मापाला आली. आणि ते चार टक् त्यात नाहीत, कारण ते टप्पेच नाहीत.

कोल्टच्या चालीच्या प्रतिकृतीत नियम एकच: सहा घरांत पाचच काडतुसं, घोड्याखालचं घर रिकामं. एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण चढवा आणि अलगद रिकाम्या घरावर उतरवा. हा क्रम हातात बसायला एक दुपार पुरते. तो जमत नसेल किंवा घरात दुसरं कुणी ते हाताळणार असेल, तर इटालियन घेऊ नका. यावर माझ्याशी वाद घालणारे मित्र आहेत, पण माझं मत बदललेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. माझी पहिली इटालियन प्रतिकृती घरी आणली त्या रात्री मी ती रिकामी असताना अर्धा घोडा चढवून सिलिंडर फिरवत बसलो आणि प्रत्येक वेळी घोडा तिथूनच हळू खाली सोडला. अर्ध्यावरून सोडलं की खटका खाचेत न बसता सिलिंडरच्या अंगावर टेकतो आणि पुढच्या फेरीत घासतो. सकाळी निळ्याकाळ्या पॉलिशवर केसाएवढी पांढरी रेघ गोल फिरलेली होती. अर्धा चढवलेला घोडा आधी पूर्ण चढवायचा आणि मगच उतरवायचा. रुगरमध्ये ही चूक करायला जागाच नाही.

स्प्रिंगांचंही तसंच. कोल्टच्या घडणीत चाप आणि खटका दोन्ही सांभाळणारी एक लहानशी पट्टी असते, काट्यासारखी दोन बोटांची, एका स्क्रूने बसवलेली. मोडते ती बहुधा हीच. माझी एका स्पर्धेत तिसऱ्या फेरीला मोडली. घोडा चढला तरी सिलिंडर डुलत राहिला. तारेची बदली स्प्रिंग मिळते, ती बसवून घ्या आणि एक जादा पिशवीत ठेवा. महिन्याला काही शे गोळ्या झाडणाऱ्याने रुगर घ्यावं, असं मी या एका कारणासाठीही सांगतो.

स्पर्धा म्हणजे काउबॉय अॅक्शन शूटिंग. सिंगल अॅक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांनी दोन सिंगल अॅक्शन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची रायफल आणि एक शॉटगन लागते. तिथे रुगरमध्येही पाचच काडतुसं भरायची असतात, त्यामुळे ट्रान्सफर बारचा सहाव्या गोळीचा फायदा त्या मैदानावर उरत नाही. टिकाऊपणाचा मात्र उरतो.

कॅलिबरचा, म्हणजे काडतुसाच्या मापाचा, निर्णय सोपा आहे. .४५ कोल्ट मूळचं आणि आवाजाला भारदस्त, पण काडतूस महाग. .३५७ मॅग्नममध्ये .३८ स्पेशल चालतं: स्वस्त, धक्का कमी, शिकणाऱ्याला बरं. फक्त आखूड .३८ झाडल्यावर घरात पुढे काजळीचं कडं साचतं, ते घासून काढलं नाही तर लांब .३५७ अडकतं. नळी साडेसात इंची घोडदळाची, साडेपाच इंची तोफखान्याची म्हणून ओळखली जाते, पावणेपाच इंची सगळ्यात आटोपशीर. साडेपाच हातात सर्वांत समतोल बसते.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी सगळ्यात महत्त्वाचं. रूप जुनं असलं तरी काडतुसाची नवी प्रतिकृती कायद्याने पूर्ण बंदूकच आहे; परवानाधारक दुकान, खरेदीच्या वेळी भरायचा फॉर्म ४४७३, पार्श्वभूमीची तपासणी सगळं आलं. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. मोजके अपवाद आहेत, त्यातला ओळखीचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. ठासणीची प्रतिकृती, म्हणजे पिएत्ताची १८५१ नेव्ही किंवा १८५८ रेमिंग्टन, संघराज्याच्या व्याख्येत बंदुकीत मोडत नाही, पण राज्यांचे कायदे वेगळे आहेत. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, व्हिसा पणाला लागलेला असतो, वकिलाला विचारा.

गोळी झाडायचीच नसेल तर स्पेनमधल्या डेनिक्सची जस्ताच्या मिश्रधातूची न झाडणारी प्रतिकृती भिंतीवर शोभते, घोडा चढतो, वजनही हाताला जाणवतं. उमारेक्सची सीओटू वायूवर चालणारी कोल्ट त्याहून मजेची: कुपी मुठीत, सहा खोटी काडतुसं, छर्रा प्रत्येकाच्या बुडाशी. झडप उघडून एकेक भरण्याची सवय तिच्यावर स्वस्तात होते. दोन्ही वस्तू घराबाहेर काढू नका. लांबून पाहणाऱ्या पोलिसाला त्या खऱ्याच दिसतात.

दुकानात गेलात की आधी झडप उघडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री करा, मग घोडा चढवून बघायची परवानगी मागा. अगदी सावकाश चढवा आणि कान द्या. घोडा पूर्ण चढण्याआधी किंवा चढताच सिलिंडर अडकला पाहिजे. घोडा चढूनही तो सैल फिरत असेल तर ते रिव्हॉल्व्हर खाली ठेवा. सहाही घरांवर हेच करा, एकावर नव्हे. फ्रेम स्क्रूवाली नसेल तर दांडा हाताने निघतो का ते बघा. समोरची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, थोडी उंच असेल तर घाबरू नका: गोळी खाली लागत असेल तर ती कानशीने घासून नेम वर आणता येतो. आखूड माशी मात्र घासून लांब होत नाही, म्हणून दोन सारख्या रिव्हॉल्व्हरांपैकी उंच माशीचं उचला.